फ्रीमेसनरीची आध्यात्मिक बाजू : विदर्भातील गावातून सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

वाशीम, यवतमाळ किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या गावात राहून फ्रीमेसनरीविषयी, म्हणजे गवंड्याच्या हत्यारांना चिन्हे मानून नीतीचे धडे देणाऱ्या एका जुन्या संघटनेविषयी, जाणून घ्यायचे ठरवले, तर मोबाईलवर आधी हाती लागतात ते सैतानपूजेचे व्हिडिओ आणि त्यांच्या खालोखाल कोणकोणते थोर लोक सभासद होते याच्या याद्या. या दोन्हींमधून त्या संस्थेच्या आत माणसावर नेमके कोणते काम होते हे कळत नाही. हा लेख त्या कामाविषयी आहे. ज्याचे सभासद व्हायचे की नाही हे अजून ठरलेले नाही, ज्याचे इंग्रजी बेताचे आहे, ज्याच्या घरी रोज देवपूजा किंवा वंदना होते आणि ज्याला शेती-नोकरी सांभाळून हा विषय समजून घ्यायचा आहे, असा वाचक मी डोळ्यांसमोर ठेवला आहे. फ्रीमेसनरीचे गूढ सांकेतिक शब्दांत आणि हाताच्या खुणांत शोधू नये. ते गवंड्याच्या हत्यारांत, मौनात आणि मरणाच्या विचारात आहे, आणि त्याचा बराचसा अभ्यास लॉजच्या, म्हणजे तिच्या शाखेच्या, दारापर्यंत जाण्यापूर्वी आपल्या अंगणात करता येतो, असे माझे ठाम मत आहे.

सभासदांना दिले जाणारे ओळखीचे शब्द आणि खुणा या लेखात दिलेल्या नाहीत. त्या १७३० सालीच लंडनमध्ये छापून प्रसिद्ध झाल्या होत्या, त्यामुळे माहिती म्हणून त्या गुप्त उरलेल्या नाहीत. तरीही जी गोष्ट न सांगण्याचे वचन माणसे एकमेकांना देतात, तिचा मान बाहेरच्यानेही ठेवावा.

पहिली पायरी : ऐकीव गोष्टी बाजूला साराव्यात

इंग्रजांच्या काळात अनेक छावण्यांच्या गावांमध्ये फ्रीमेसनांच्या इमारतीला लोक ‘जादूघर’ किंवा ‘भूतबंगला’ म्हणत असत, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दार बंद, बाहेर तलवार घेतलेला पहारेकरी, आत दिवे कमी आणि बाहेर आल्यावर कोणी काही सांगत नाही, एवढ्यावर गावकऱ्यांनी जे अनुमान काढायचे ते काढले. त्या पहारेकऱ्याला ‘टायलर’ म्हणतात आणि सभासद नसलेल्याला आत येऊ न देणे एवढेच त्याचे काम असते.

सैतानपूजेच्या कथेचा उगम मात्र ठाऊक असलाच पाहिजे. लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रीमेसन सैतानाची उपासना करतात अशी पुस्तके रचून खपवली आणि १८९७ साली पॅरिसमध्ये भरसभेत, हे सगळे आपण मनाने रचले होते, अशी कबुली दिली. कबुली मागे पडली आणि कथा चालत राहिली. आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात त्याच कथेचे तुकडे असतात. ‘इल्युमिनाटी’ ही तर वेगळीच संघटना होती. अ‍ॅडम वाइसहाउप्ट याने ती १७७६ साली बव्हेरियात स्थापन केली आणि १७८४-८५ च्या सुमारास तेथील राजसत्तेने तिच्यावर बंदी घातली. तिच्या नावाने ‘सभासद व्हा, श्रीमंत व्हा’ असे संदेश पाठवून नोंदणीचे पैसे मागणारा माणूस ठग आहे, हे पक्के समजावे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. गुप्तधन, करणी, अघोरी विधी यांच्याशी फ्रीमेसनरीचे नाव जोडून कोणी बोलावत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि पोलीस ठाणे जवळ करणे हाच मार्ग आहे.

दुसरी पायरी : संस्थेची बांधणी समजून घ्यावी

येथे लॉज म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. सभासदांच्या एका शाखेला आणि तिच्या बैठकीला लॉज म्हणतात. अनेक लॉज मिळून एक ग्रँड लॉज होते. लंडनमधील पहिली ग्रँड लॉज २४ जून १७१७ रोजी स्थापन झाली असे परंपरा मानते, आणि भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत स्थापन झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या अधिकाराखालील काही लॉजही भारतात आजवर चालू आहेत.

मूळ डिग्र्या, म्हणजे दीक्षेच्या पायऱ्या, तीनच : एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. म्हणजे शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. तेहतीस डिग्र्यांची जी चर्चा ऐकू येते ती स्कॉटिश राइट नावाच्या पुढच्या एका शाखेची आहे, आणि नवख्याने तिच्याकडे सध्या पाहूही नये. तिसऱ्या डिग्रीच्या वर अधिक ‘खरे’ गूढ दडलेले आहे, अशी समजूत करून घेऊन पुढे धावणाऱ्याचे पहिल्या तिन्ही डिग्र्यांकडे दुर्लक्ष होते.

फ्रीमेसनरी स्वतःला धर्म म्हणवत नाही. मोक्ष, मुक्ती, पापक्षालन यांतले कोणतेही आश्वासन ती देत नाही आणि लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. तिच्या विधीतच तिचे वर्णन रूपकाच्या पडद्याआड ठेवलेली आणि चिन्हांनी उलगडलेली नीतीची एक पद्धत असे केले जाते. म्हणून या लेखात जिला आध्यात्मिक बाजू म्हटले आहे, ती ग्रँड लॉजची अधिकृत शिकवण नाही. चिन्ह सर्वांसमोर सारखेच ठेवले जाते. त्यात किती खोल उतरायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि अनेक सभासद जेवण, ओळखी व दानधर्म एवढ्यावर आयुष्यभर समाधानी राहतात.

तिसरी पायरी : श्रद्धेचा प्रश्न स्वतःला आधी विचारावा

प्रवेशाची एक अट टाळता येत नाही : अर्जदाराची एका परमशक्तीवर श्रद्धा असली पाहिजे. तिला फ्रीमेसन ‘विश्वाचा महान शिल्पकार’ म्हणतात आणि ते नाव कोणत्याही एका धर्माचे नाही. भारतातील लॉजमध्ये वेदीवर भगवद्गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि झेंद अवेस्ता असे अनेक ग्रंथ ठेवण्याची पद्धत आहे, आणि प्रत्येक जण आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. वारकऱ्याला विठ्ठल सोडावा लागत नाही, शेगावला पायी जाणाऱ्याची वारी चुकत नाही. फ्रान्समधील ग्रँड ओरिएंट या फ्रीमेसनांच्या मध्यवर्ती संस्थेने १८७७ साली ईश्वरश्रद्धेची ही अट काढून टाकली आणि त्यावरून इंग्लंडच्या परंपरेने त्यांच्याशी संबंध तोडले. या एकाच गोष्टीवरून अटीचे वजन लक्षात यावे.

विदर्भात हा प्रश्न आणखी एका बाजूने उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत धम्म स्वीकारलेल्या घरांतील तरुण हा लेख वाचत असतील. धम्मात सृष्टिकर्ता ईश्वर गृहीत धरलेला नाही. अशा वाचकाने ‘विश्वाचा शिल्पकार’ या कल्पनेला आपण मनापासून होकार देऊ शकतो का, हे आधी ठरवावे आणि उत्तर नाही असे आले तर शब्दांची कसरत करून आत जाऊ नये. हत्यारांचा आणि मौनाचा पुढील अभ्यास सभासदत्वाशिवायही करता येतो.

गूढ ज्ञान पात्र माणसालाच द्यावे हा विचार आपल्या भूमीला नवा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले. रिद्धपूरच्या परिसरात वाढलेल्याला हे सांगावे लागणार नाही. नाथपंथात गुरूने कानात दिलेला मंत्र चावडीवर म्हणून दाखवत नाहीत. आणि ज्याला केवळ मनःशांती आणि चार सज्जनांची संगत हवी आहे, त्याच्यासाठी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगावी संध्याकाळी होत असते. त्यासाठी नागपूरच्या लॉजपर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्याला चिन्हांमधून, अभिनीत विधीमधून आणि हातातल्या हत्यारांमधून स्वतःकडे पाहावेसे वाटते, त्याच्यासाठी ही वाट आहे.

चौथी पायरी : हत्यारे हातात घ्यावीत

हीच पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्रीमेसनरीची सगळी भाषा दगडाच्या इमारती बांधणाऱ्यांची आहे. स्कॉटलंडमध्ये विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ साली गवंड्यांसाठी जे नियम लिहिले, त्यांतील दुसऱ्या नियमावलीत कारागिराची स्मरणकलेतही परीक्षा घ्यावी असे म्हटले आहे. म्हणजे हाताच्या कसबाबरोबर मनाच्या शिस्तीची अपेक्षा तेव्हापासूनची आहे. पुढे सतराव्या शतकात गवंडीकाम न करणारे लोकही या संघटनेत येऊ लागले आणि हत्यारे चिन्हे झाली. पुस्तकातील चित्र पाहून ती कळत नाहीत. गावात कोठे घरकुलाचे किंवा मंदिराचे काम चालू असेल तेथे जावे आणि गवंड्याची परवानगी घेऊन एक सकाळ त्याच्याशेजारी बसावे.

ओळंबा आधी पाहावा. गवंडी वरचा ठोकळा भिंतीला टेकवतो, दोरीच्या टोकाचा गोळा खाली सोडतो आणि मग काहीच करत नाही. गोळा डोलायचा थांबेपर्यंत वाट पाहतो. वारा असला तर तळहाताचा आडोसा करतो. ठोकळ्याची रुंदी आणि गोळ्याची जाडी सारखी असते, त्यामुळे गोळा भिंतीला जेमतेम शिवून स्थिर झाला तर भिंत सरळ. गोळा आणि भिंत यांच्यात फट राहिली किंवा भिंतीने गोळ्याला बाहेर रेटले तर भिंत कललेली आहे. दुसऱ्या डिग्रीत ओळंबा हे सचोटीचे चिन्ह आहे. ते वाट पाहणे मला त्याचा गाभा वाटतो. रागात, उधारीच्या तगाद्यात किंवा भाऊबंदकीच्या वादात स्वतःची परीक्षा केली तर गोळा डोलतच असतो आणि निकाल चुकतो. रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसून, मन स्थिर झाल्यावर, दिवसातील एकाच व्यवहाराकडे पाहावे : तो सरळ होता की कललेला? एकच व्यवहार घ्यावा, सगळा दिवस घेऊ नये.

नंतर पाणसळ किंवा पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी पाहावी. दोन माणसे दोन टोके धरतात, नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करतात आणि दोन्हीकडचे पाणी एका रेषेत आले की खूण करतात. लॉजमध्ये हे समतेचे चिन्ह आहे. आत गेल्यावर पाटील, कारकून, डॉक्टर सगळे एका पातळीवर असतात असे ते सांगते. हे चिन्ह ज्यांनी भारतात आणले त्यांनी ते नेहमी पाळले नाही, हेही ठाऊक असावे. मुंबईत भारतीयांना इंग्रजांच्या लॉजमध्ये घेत नसत, म्हणून डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज उभी केली आणि तिच्यात भारतीयांना प्रवेश मिळाला. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना, हिंदू माणूस एका ईश्वराला मानतो का असा आक्षेप घेऊन, वर्षानुवर्षे अडवण्यात आले आणि १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. पुढे १८८४ साली तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे स्वामी विवेकानंद, कोलकात्याच्याच ‘अँकर अँड होप’ या लॉजमध्ये दाखल झाले. ज्या गावात अजून पाणवठ्याच्या आठवणी जिवंत आहेत, तेथील वाचकाने पाणसळीचे चिन्ह हातात घेताना हा इतिहास विसरू नये. समतेची शपथ घेऊन घरी आल्यावर ओसरीवर कोणाला बसवतो आणि कोणाला उभे ठेवतो, हे पाहणे हाच या चिन्हाचा अभ्यास आहे.

पहिल्या डिग्रीची हत्यारे तीन : चोवीस इंची पट्टी, हातोडा आणि छन्नी. पट्टीचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यांतला एक भाग प्रार्थनेला, एक श्रमाला व विश्रांतीला आणि एक अडचणीत असलेल्या माणसाच्या मदतीला, पण स्वतःचे आणि घरच्यांचे नुकसान न करता. हातोडा म्हणजे विवेकाची शक्ती आणि छन्नी म्हणजे शिक्षण. नवख्याने एक महिना हा प्रयोग करावा. दोन फुटांची एक लाकडी पट्टी घ्यावी, तिच्यावर इंचाच्या खुणा कराव्यात आणि रोज रात्री त्या दिवसाचे तास खडूने रंगवावेत. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत श्रमाचा भाग वाढणारच, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. मोबाईलवर गेलेले इंच मात्र वेगळ्या रंगाने दाखवावेत. हे काम कंटाळवाणे वाटेल. तरीही लॉजमध्ये ज्या क्षणी ती पट्टी हातात दिली जाईल, त्या क्षणी या एका महिन्यामुळे तिचा अर्थ सांगून घ्यावा लागणार नाही.

गुण्या आणि कंपास ही जोडी सर्वांना परिचित आहे. गुण्याने दगडाचा कोपरा काटकोनात आहे का हे तपासतात, म्हणून तो आचरणाचा. कंपास मर्यादा आखतो, म्हणून तो वासनांच्या आवराचा. वेदीवरील ग्रंथ, गुण्या आणि कंपास यांना मिळून तीन महान प्रकाश म्हणतात.

पाचवी पायरी : फळा काढावा आणि पुसावा

प्रत्येक डिग्रीचे एक चित्र असते, त्याला ट्रेसिंग बोर्ड, म्हणजे फळा, म्हणतात. त्यात काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, खांब, शिडी, सूर्य-चंद्र, एक खडबडीत आणि एक घडवलेला दगड अशी चिन्हे असतात. अठराव्या शतकात लॉज खानावळीत भरत, तेव्हा हे चित्र खडू आणि कोळशाने जमिनीवर काढत असत आणि बैठक संपली की ओल्या फडक्याने पुसून टाकत असत. नवख्याने हाच क्रम धरावा. पहिल्या डिग्रीच्या फळ्याचे छापील चित्र सहज मिळते. ते समोर ठेवून अंगणात सारवलेल्या जागेवर खडूने काढावे, प्रत्येक चिन्ह काढताना त्यावर थोडे थांबावे आणि शेवटी सगळे पुसावे. फोटो काढू नये. आठवड्यातून एकदा असे केल्यास काही आठवड्यांत चित्र न पाहता काढता येते, आणि स्मरणाची जी शिस्त लॉजमध्ये लागते ती आपोआप अंगी येते. तेथील सगळा विधी पाठांतराने चालतो. हरिपाठ किंवा मनाचे श्लोक लहानपणी तोंडपाठ केलेल्याला हे जड जाणार नाही; अडचण असेल ती भाषेची, कारण भारतातील बहुतेक लॉजचे काम इंग्रजीत चालते. रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचण्याची सवय यासाठी आताच लावून घ्यावी.

दिशांकडेही लक्ष द्यावे. लॉजचा प्रमुख, ज्याला वर्शिपफुल मास्टर म्हणतात, पूर्वेला बसतो; सीनियर वॉर्डन पश्चिमेला, म्हणजे मावळतीला, आणि ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला, माध्यान्हीच्या सूर्याच्या जागी. उत्तर अंधाराची बाजू मानतात. नव्या सभासदाला ईशान्य कोपऱ्यात उभे करतात, कारण इमारतीचा पहिला दगड तेथे बसवण्याची रीत होती. तो उमेदवार म्हणजेच तो पहिला दगड. विधीत फिरणे उजव्या हाताने होते. प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या पायांना ते ओळखीचे वाटेल.

सहावी पायरी : अंधाराची तयारी

पहिल्या डिग्रीत उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, गळ्यात दोरी घालतात, एका बाजूची छाती आणि गुडघा उघडा ठेवतात आणि अंगावरील सर्व धातू, पैसे, अंगठी, किल्ल्या काढून घेतात. गावात हे ऐकले की लोक दचकतात. यात इजा नसते, अपमान नसतो. आपली हैसियत, पाहण्याची सवय आणि स्वतःच्या बळावर चालण्याचा विश्वास थोडा वेळ बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्याच्या हाताला धरून चालायचे, असा त्याचा अर्थ आहे. धातू काढून घेतल्यानंतर ईशान्य कोपऱ्यात उमेदवाराला एक गोष्ट विचारली जाते. ती काय हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ती आधी कळली तर तिचा परिणाम होत नाही. याच कारणासाठी नवख्याने छापील विधी वाचून जाऊ नये. इंटरनेटवर तो मिळतो. तो शोधून वाचणाऱ्याला माहिती मिळते, पण आयुष्यात एकदाच घडणारा अनुभव तो स्वतःच्या हाताने बिघडवून बसतो.

तयारी मात्र करता येते. जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याने एखाद्या अंधाऱ्या रात्री मचाणावर बसून, बॅटरी आणि मोबाईल बंद ठेवून, अर्धा तास काहीही न बोलता, जप न करता केवळ ऐकावे : तुरीच्या पानांचा आवाज, दूरच्या पंपाचा, रोही धुऱ्यावरून उतरल्याचा. सुरुवातीला भीती येते, मग मनात बडबड सुरू होते, आणि बऱ्याच वेळाने ती थोडी कमी होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाघ-अस्वलांच्या भागात राहणाऱ्यांनी हा प्रयोग रानात मुळीच करू नये. घराच्या बंद खोलीत दिवा मालवून तेवढाच उपयोग होतो.

दुसऱ्या डिग्रीविषयी थोडक्यात सांगतो. ती अभ्यासाची डिग्री आहे. तीन, पाच आणि सात पायऱ्यांचा वळणदार जिना आणि व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या सात विद्या तिच्यात येतात. रात्रीच्या आकाशातील दहा-वीस तारे नावानिशी ओळखता येणे ही तिच्यासाठी पुरेशी पूर्वतयारी आहे.

सातवी पायरी : मरणाचा पाठ

तिसऱ्या डिग्रीचा आधार हिरम अबिफ याची कथा आहे. जेरुसलेममध्ये राजा सॉलोमनचे मंदिर बांधले जात असताना हिरम हा मुख्य कारागीर होता. बायबलमध्ये टायर शहरातून आलेल्या हिरम नावाच्या धातुकारागिराचा उल्लेख आहे. त्याच्या मृत्यूची कथा मात्र बायबलमध्ये नाही, ती फ्रीमेसनांची आहे. उस्तादाला मिळणारे रहस्य वेळेआधी मिळावे म्हणून तीन कामगार त्याला तीन दारांवर अडवतात, तो देत नाही आणि मारला जातो. त्याच्याबरोबर खरा शब्द हरवतो आणि पुढे त्याच्या जागी दुसरा शब्द वापरला जातो. पुरलेल्या जागेची खूण म्हणून अकेशियाची फांदी रोवलेली असते. आपल्या धुऱ्यावरची बाभूळ त्याच झाडाच्या कुळातली आहे.

या कथेत उमेदवार प्रेक्षक म्हणून बसत नाही. याहून अधिक सांगण्याची गरज नाही. आध्यात्मिक अर्थ लावणारे सभासद येथे दोन गोष्टींवर भर देतात. एक, वेळेआधी हिसकावलेले ज्ञान हिसकावणाऱ्याच्या हाती लागत नाही. कथेतल्या त्या तिघांना शब्द मिळालाच नाही. दुसरी, मरण हे वचनभंगापेक्षा कमी वाईट आहे, असे तो कारागीर आपल्या वागण्यातून दाखवतो. हरवलेला शब्द पुढच्या एखाद्या डिग्रीत विकत मिळतो असे समजू नये. तो हरवलेला आहे आणि त्याच्या शोधात राहायचे आहे, ही अवस्थाच तिसरी डिग्री शिकवते, असे मला वाटते.

एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. विदर्भात कर्ज, नापिकी आणि निराशेने घरेच्या घरे खचलेली आहेत. ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत आहेत, त्याने मरणाचे चिंतन करणारा हा अभ्यास सध्या हाती घेऊ नये. घरच्यांशी, डॉक्टरांशी किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर आधी बोलावे.

आठवी पायरी : नंतर चढलेले थर ओळखावेत

किमया (हलक्या धातूचे सोने करू पाहणारी विद्या), कब्बाला (यहुद्यांची गूढविद्या), रोझिक्रूशियन परंपरा (युरोपातील एक गूढ पंथ), इजिप्त आणि टेम्पलर सरदार (मध्ययुगातील ख्रिस्ती धर्मयोद्धे) यांची नावे फ्रीमेसनरीच्या गूढ वाङ्मयात सतत येतात. त्यांचा संबंध कधीचा, हे नीट वेगळे करावे. किमयेचा अभ्यासक इलियस अ‍ॅशमोल १६४६ साली इंग्लंडमध्ये सभासद झाला, म्हणजे अशी माणसे आत होती हे खरे. पण मूळ तीन डिग्र्यांच्या भाषेत किमया नाही, गवंडीकाम आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये नव्या डिग्र्यांची लाट आली, तेव्हा सरदारांच्या आणि किमयेच्या कल्पना तिच्याबरोबर आल्या. मध्ययुगीन टेम्पलरांकडून फ्रीमेसनरी थेट उतरली याला पुरावा नाही. युरोपातील काही लॉजमध्ये उमेदवाराला दीक्षेपूर्वी कवटी, मीठ, गंधक आणि वाळूचे घड्याळ ठेवलेल्या खोलीत एकटे बसवतात. इंग्रजी पद्धतीने चालणाऱ्या लॉजमध्ये ही खोली सहसा नसते. या थरांत सुंदर विचार आहेत, मात्र ते तीन डिग्र्या पचल्यावर वाचावेत.

स्त्रियांचा प्रश्न याच ठिकाणी येतो. भारताच्या ग्रँड लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही, आणि ज्या भगिनी हे वाचत असतील त्यांच्यापासून हे लपवणे योग्य नाही. १८९३ साली पॅरिसमध्ये मारिया देरेम आणि जॉर्ज मार्तां यांनी स्त्री-पुरुषांची संयुक्त संघटना स्थापन केली, १९०२ साली अ‍ॅनी बेझंट यांनी ती इंग्लंडमध्ये आणली आणि थिऑसॉफिस्टांच्या, म्हणजे सर्व धर्मांमागचे गूढ ज्ञान शोधणाऱ्या त्यांच्या मंडळींच्या, मार्फत ती भारतातही आली. जुन्या परंपरेच्या ग्रँड लॉज तिला मान्यता देत नाहीत. आध्यात्मिक अर्थावर तिचा भर अधिक आहे, आणि या एका बाबतीत ती मला अधिक मोकळ्या मनाची वाटते.

नववी पायरी : प्रत्यक्ष अर्ज

एवढे करूनही इच्छा टिकली तर पुढे जावे. अर्जदाराचे वय साधारणपणे एकवीस पूर्ण असावे लागते. एक सभासद नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. ओळखीचे कोणी नसेल तर दिल्लीतील ग्रँड लॉजच्या कार्यालयाला किंवा मुंबईच्या फ्रीमेसन्स हॉलला पत्र लिहून आपल्या जिल्ह्याला सोयीची लॉज विचारावी. विदर्भातील बहुतेकांना नागपूर जवळ पडते. त्यानंतर काही सभासद भेटून चौकशी करतात, घरचे काय म्हणतात हे विचारतात आणि शेवटी गुप्त मतदान होते, ज्यात पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या पेटीत टाकतात. एक-दोन काळ्या गोळ्या अर्ज फेटाळायला पुरतात आणि कारण सांगितले जात नाही. घरी पत्नीला किंवा आईवडिलांना न सांगता अर्ज करू नये. ओळखी वाढतील, कंत्राट मिळेल, बदली होईल या हेतूने येत नाही असे लिहून द्यावे लागते, आणि ते खरे नसेल तर अर्ज करू नये.

प्रवेश शुल्क आणि वार्षिक वर्गणी प्रत्येक लॉजची वेगळी असते. ती, एप्रनचा (बैठकीत कमरेला बांधायच्या वस्त्राचा) खर्च आणि जेवणाचा वाटा असे सगळे आकडे लेखी विचारून घ्यावेत आणि हंगामाच्या पैशाला हात न लावता ते जमते का हे पाहावे. संस्था स्वतःच सांगते की कुटुंबाचे नुकसान करून वर्गणी भरू नये. बैठका बहुधा संध्याकाळी भरतात आणि त्यानंतर एकत्र जेवण असते, त्यामुळे शेवटची एसटी चुकणार हे धरून मुक्कामाची सोय आधी करावी. पेरणीच्या दिवसांत येणे जमणार नाही हे सचिवाला आधीच कळवावे. पोशाखाचे नियम विचारून घ्यावेत. माळकरी असाल, मद्य किंवा मांसाहार घेत नसाल, तर तसे पहिल्याच पत्रात लिहावे. शुभेच्छांचा पेला पाण्यानेही उचलता येतो.